मुरमाचा घाट

बारामतीच्या सायकलवाल्याला चढ कुठे आहे विचारा, तो कॅनॉलवरचा पूल दाखवेल. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, आजूबाजूला ऊस आणि मधून ब्रिटिश काळातला नीरा डावा कालवा. कालव्याच्या भरावावरून भल्या पहाटे कितीही लांब गेलात तरी गिअर बदलायची वेळ क्वचितच येते. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा तिचा एक टप्पा बारामतीत येऊन संपला. तो सगळा डांबरावरचा वेग होता. माझ्या मते या भागातली सायकलिंगची खरी गंमत डांबर संपल्यावरच सुरू होते.

त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दक्षिणेला नीरा ओलांडून फलटण गाठले की पुढे शंभू महादेवाची रांग आडवी येते आणि तिच्या माथ्यावर शिखर शिंगणापूर. चैत्रात कावडी ज्या मुंगी घाटाने वर चढवतात, तो पायांचाच घाट आहे, सायकल तिथे विसरा. मात्र रांगेच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांना जोडणारे मुरमाचे रस्ते पाय आणि दम दोन्ही तपासतात. पश्चिमेला भुलेश्वर. तिथल्या यादवकालीन मंदिराभोवती सतराव्या शतकात मुरार जगदेवाने दौलतमंगळ किल्ला बांधला. मुक्काम करायची तयारी असेल तर साताऱ्याच्या पठारांवर चाळकेवाडी, वनकुसवडे आहेतच. पवनचक्क्यांची अजस्र पाती आणि क्रेन वर नेण्यासाठी तिथे डोंगरात रुंद कच्चे रस्ते काढले गेले. त्यातले काही खासगी असतात, म्हणून आधी विचारून जावे.

हे सगळे करायचे ते हिवाळ्यातच. का, तर मुरमामुळे. बेसाल्टचा खडक ऊनपावसाने सडून मुरूम होतो. पावसाळ्यात त्यातली माती टायरला चिकटते आणि चाक फ्रेममध्ये अडकते. दिवाळीनंतर पृष्ठभाग वाळतो, पण आत थोडी ओल राहते आणि खडे जागेवर घट्ट बसतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ट्रॅक्टरांनी रस्ता दळून निघतो, फुफाटा होतो आणि सुटे खडे चाकाखाली हरभऱ्यासारखे पळू लागतात. म्हणून डिसेंबर-जानेवारी.

चढाचे गणित सोपे आहे, पण निर्दयी. दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले आणि वेग ताशी साडेसहा किलोमीटर, तर नुसत्या उंचीसाठीच सुमारे दीडशे वॅट खर्ची पडतात. खडीचे घर्षण वेगळेच. पुढे 34 आणि मागे 40 दाते असतील तर मिनिटाला साठ पायडल मारून हाच वेग सांभाळता येतो. त्याहून जड गिअरवर गुडघे बोलू लागतात. अशा चढावर उभे राहून जोर लावायचा मोह होतो, तो आवरावा. अंगाचा भार पुढे गेला की मागचे चाक जागीच फिरते. सीटच्या पुढच्या टोकाशी बसून छाती हँडलकडे झुकवली की दोन्ही चाकांवर भार राहतो. तरीही जमले नाही तर उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही. 1910 मध्ये टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजमधल्या तूरमाले घाटातून गेली, तेव्हा तो 2,115 मीटर उंचीचा घाट कच्चाच होता. ऑक्टाव्ह लापीझने काही अंतर चक्क पायी तोडले आणि त्या वर्षीची शर्यतही त्यानेच जिंकली.

लोक चढाला घाबरतात. घाबरायला हवे उताराला. सुट्या खडीवर वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते, आणि मग हाताची कातडी मुरमावर राहते. वेग वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यातच कमी करायचा. वळणात ब्रेक सोडून द्यायचे आणि नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता रस्ता जिथे निघतो तिथे ठेवायची. बोटे सतत आवळून धरायची नाहीत, आवळा-सोडा करत राहायचे. टायरमधली हवाही कमी हवी. डांबरावरच्या अरुंद टायरला ऐंशी-शंभर पीएसआय चालते, चाळीस मिलिमीटरच्या टायरला इथे तीस-चाळीस पुरते. लाखाची ग्रॅव्हल बाईक लागतेच असे नाही. धड ब्रेक असलेली एमटीबी हे सगळे करते. फक्त टायरमध्ये सिलंट भरा, कारण वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा सायकलची किंमत बघत नाहीत.

गट असला की उताराचा नियम आणखी कडक. डांबरावर पुढच्याच्या चाकाला चिकटून वारा वाचवता येतो, मुरमावर तसे केले की डोळ्यांत धूळ आणि समोर न दिसणारा खड्डा. दोघांत निदान तीस-चाळीस मीटर अंतर असावे. पुढे वाट माहीत असणारा, शेवटी पंक्चर काढता येणारा आणि प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचे. थांबल्यावर घाम गार पडतो. बोटे बधिर झाली तर ब्रेकचा अंदाज जातो, म्हणून माथ्यावर पोचताच विंडचीटर चढवावे आणि हातमोजे पूर्ण बोटांचे असावेत. खिशात गूळ-शेंगदाणे, खजूर. परतताना जिरायती पट्ट्यात ज्वारीचा हुरडा मिळाला तर नशीब.

खरा धोका डोंगरात नाहीच, डोंगरापर्यंतच्या रस्त्यावर आहे. हे दिवस गळिताचे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस जातात. पहाटेच्या धुक्यात मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून उजाडण्याआधी हायवेवर जाऊ नका, सायकलला पुढे-मागे दिवा लावा आणि शक्य तिथे कॅनॉलची वाट धरा.

आणखी एक विनंती. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळ, कडबनवाडी इथली गवताळ माळराने मोकळी दिसतात, पण ती चिंकारा आणि लांडग्यांची घरे आहेत. गवतात सायकल घालू नका. बघायची असतील तर वनखात्याची परवानगी घेऊन त्यांनी ठरवलेल्या वाटेनेच जा.