स्वर्गमंडपातील प्रकाश

त्रिपुरारी पौर्णिमेपूर्वीचा शनिवार. नातवाने कॅमेरा गळ्यात अडकविला, मोटार काढली आणि नृसिंहवाडीहून कुरुंदवाडमार्गे आम्ही खिद्रापूरला निघालो. वाटेत उसाच्या तुऱ्यांवर कोवळे ऊन पसरले होते. गाडी थांबवून त्याने ते दृश्य टिपले.

कृष्णाकाठचे कोपेश्वर मंदिर हे शिलाहारकालीन शिल्पवैभव. यादवराजा सिंघणाचा १३व्या शतकातील शिलालेखही येथे आहे. पाठीवर मंदिर तोलणारे पाषाणगज पाहून आम्ही स्वर्गमंडपात आलो. बारा स्तंभांच्या वर्तुळावर छत मध्यभागी गोलाकार उघडे आहे. तेथून उतरलेले ऊन खांबांच्या नक्षीवरून हळूहळू सरकत होते.

“आजोबा, थोडे थांबू या, प्रकाश पुढे येऊ दे,” नातू म्हणाला. कीर्तनात श्रोत्यांना खिळवून ठेवणारा मी त्या दिवशी स्वतः उन्हाची वाट पाहत उभा राहिलो.

घरी ते छायाचित्र मोठे करून पाहिले, तो एका स्तंभाच्या कोरीव कामात तेलाचा काळा ओघळ! गेल्या पौर्णिमेस मीच तेथे भक्तिभावाने पणती ठेवली होती. दर्शनाच्या ओढीत माझ्या दृष्टीस जे पडले नाही, ते छायाचित्राने दाखविले.

वाचकहो, पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या छतावर माथ्याशी येतो. तो सोहळा अवश्य पाहावा, छायाचित्रेही घ्यावीत. पणती मात्र तबकात लावावी. पाषाणावर केवळ चांदणे पडावे.