डंकावर कर नाही, डंकाच्या जागेवर आहे

मसाला कुटायचा नवा डंक बसवला, मोठा फ्रीज घेतला, की पालिकेचा मालमत्ता कर वाढतो, असे अनेक दुकानदारांना वाटते. तसे होत नाही. इमारतीतल्या यंत्रसामग्रीची किंमत करासाठी धरायची नाही, असे 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातच म्हटले आहे. लालबागचा मसाल्याचा डंक, गिरगावातल्या छापखान्याचे मशीन, दादरच्या सराफाच्या तिजोरीतले सोने, यांतल्या कशावरही हा कर नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत धंद्याच्या यंत्रांवर आणि फर्निचरवर वेगळा स्थानिक कर भरावा लागतो. आपल्याकडे मालावर जकात होती, तीही 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली.

मात्र 'जमिनीत रोवलेले नाही, म्हणून कर नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. इंडियन ऑइलच्या पेट्रोलियम साठवायच्या टाक्या नुसत्या स्वतःच्या वजनावर उभ्या होत्या. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये त्या करपात्र ठरवल्या.

मग कर ठरतो कशावर? पूर्वी तो जागेच्या भाड्यावरून काढत. 1947 च्या भाडे कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठवली, त्यामुळे तिथल्या दुकानांचा करही कमी राहिला. 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्य आले. रेडी रेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय यांवरून ते निघते. पहिल्या वेळी बिगरनिवासी जागांचा कर आधीच्या तिपटीहून जास्त होऊ नये, अशी मर्यादा कायद्याला घालावी लागली, यावरूनच उडी केवढी होती ते कळते.

विक्री आणि नफा या हिशेबात कुठेच नाहीत. म्हणून धंदा चांगला तर कर जास्त, हा समजही चुकीचा आहे. छोट्या गाळ्यात लाखोंची उलाढाल करणाऱ्या सराफापेक्षा पंगत मांडायला ऐसपैस जागा लागणाऱ्या खानावळीला कर जास्त येऊ शकतो. पुस्तकांचे दुकान, छापखाना, खानावळ, म्हणजे जागा जास्त आणि नफा थोडा असलेले जे धंदे गिरणगावाने आणि गिरगावाने जपले, त्यांनाच ही पद्धत जड जाते. मला हा अन्याय वाटतो.

न्यायालयाने भांडवली मूल्याची पद्धतच रद्द केली, असेही ऐकू येते. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये या पद्धतीचे काही नियम रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, इतकेच. भविष्यात मिळू शकणारा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) धरून मूल्य काढू नये, हा त्यातला मुख्य मुद्दा. पद्धत कायम आहे.

व्यवसाय कर हा वेगळाच: तो पालिकेचा नाही, राज्य सरकारचा. राज्यघटनेच्या कलम 276 मुळे तो एका व्यक्तीला वर्षाला 2,500 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही.

मालमत्ता करातल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या माफीबाबत फसगत जास्त होते. 2022 ची ही माफी निवासी घरांपुरती आहे. दुकान दीडशे चौरस फुटांचे असले तरी त्याला ती लागू नाही.

आणि सर्वांत महागात पडणारा समज पागडीवाल्यांचा: 'कर मालकाने भरायचा, आपला काय संबंध?' भाड्याने दिलेल्या जागेच्या कराची पहिली जबाबदारी मालकाची, हे खरे. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार कराची वाढ तो भाडेकरूकडून वसूल करू शकतो. शिवाय थकलेल्या कराचा पहिला बोजा त्या जागेवरच चढतो आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड लागतो. इमारतीचे बिल सहामाही येते. गाळेधारकांनी मिळून ते मालकाकडे मागावे, भरल्याची पावती पाहावी आणि आपल्या गाळ्याचे क्षेत्रफळ व वापर बरोबर नोंदले आहेत का ते तपासावे.