ओळखपत्र आधी, भाषा नंतर

उत्तर आयर्लंडमध्ये मतदारांना ओळख पटवण्याची सक्ती 1985 पासून आहे. 2003 पासून छायाचित्रही लागते. ज्यांच्याकडे दुसरे काहीच नाही, त्यांना निवडणूक ओळखपत्र फुकट मिळते. उर्वरित ब्रिटनला हा नियम 2023 मध्ये लागू झाला!

मतदान केंद्रावर ब्रिटिश पासपोर्ट चालतो, तसा आयरिशही. त्याच्या मुखपृष्ठावर आयरिश भाषा आहे. कोर्टात मात्र 1737 च्या कायद्याने इंग्रजीखेरीज सगळ्या भाषांना मज्जाव केला होता. तो रद्द करण्याची तरतूद थेट 2022 च्या कायद्यात आली, तीही बेलफास्टच्या विधानसभेने नव्हे, लंडनच्या संसदेने केलेली. त्याच कायद्याने आयरिश भाषेला अधिकृत मान्यता दिली. आयुक्त मात्र दोन: एक आयरिशसाठी, दुसरा अल्स्टर-स्कॉट्स आणि अल्स्टर-ब्रिटिश परंपरेसाठी.