दृष्टी, श्रवण आणि संवाद : वार्धक्यातील दुहेरी इंद्रियदौर्बल्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी साध्य होतील.
• दुहेरी इंद्रियदौर्बल्याची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• उच्चारित भाषा समजून घेताना कान आणि डोळा एकमेकांना कसे साहाय्य करतात, हे मराठी उदाहरणांनी दाखवता येईल.
• वृद्धांच्या अबोलपणाविषयीचे गैरसमज ओळखता येतील.
• अशा व्यक्तींशी संवाद साधण्याची पथ्ये सांगता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा परिचय तुम्हाला आहेच. ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य. घोष, अघोष, अनुनासिक ही वर्गीकरणे तुम्ही अभ्यासली आहेत. या अभ्यासात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. बोलणाऱ्याने उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो, असे आपण मानतो. प्रत्यक्ष जीवनात, विशेषतः उतारवयात, हे गृहीत ढासळते. कानांना कमी ऐकू येते आणि डोळ्यांना कमी दिसते. या दोन्ही उणिवा एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्या की संवादाचे काय होते, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संकल्पना

दृष्टी आणि श्रवण या दोन्ही शक्ती एकाच वेळी क्षीण होणे म्हणजे दुहेरी इंद्रियदौर्बल्य होय. हा विषय निघाला की हेलन केलर यांचे नाव आठवते. १८८० साली जन्मलेल्या केलर यांची दृष्टी व श्रवणशक्ती वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात, आजारपणामुळे गेली. त्यांच्यापुढचा प्रश्न भाषा मिळवण्याचा होता. वृद्धांची स्थिती निराळी असते. त्यांच्याजवळ आयुष्यभराची भाषा, आठवणी आणि म्हणी असतात. बंद होत जाते ती भाषेची ये-जा करणारी वाट. शिवाय त्यांचे दौर्बल्य बहुधा अंशतः असते आणि इतक्या हळूहळू येते की ते त्यांना स्वतःलाही उमगत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवले असून अंध-बधिरत्वाचा त्यात समावेश आहे. मात्र त्याच्या व्याख्येत संप्रेषणाबरोबरच विकास आणि शिक्षण यांतील गंभीर अडचणींचा उल्लेख आहे. ती वाचताना डोळ्यांसमोर प्रामुख्याने बालक येते. थोडे दिसणारे आणि थोडे ऐकू येणारे आजोबा त्या चित्रात सहज बसत नाहीत.

४.३.२ कारणे

उतारवयात दृष्टी मंदावण्याची मुख्य कारणे मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज ही होत. मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. वेळीच उपचार केले तर उरलेली राखता येते. मध्यभागाची झीज झाली की समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो.

श्रवणाच्या बाबतीत आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० वर्षांवरील २५ टक्क्यांहून अधिक लोकांना व्यवहारात अडथळा ठरेल इतके श्रवणदौर्बल्य असते. कधी कधी कानात साचलेला मळ हेही कारण असू शकते आणि तो डॉक्टरांकडून काढून घेता येतो. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून थांबण्यापूर्वी डोळे आणि कान या दोहोंची तपासणी आवश्यक ठरते.

४.३.३ कान आणि डोळा : परस्परसाहाय्य

हा या घटकाचा गाभा आहे. वाढत्या वयात प्रथम उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असल्याने ते ऐकू येत राहतात. परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे ध्वनी हरवतात. ‘साठ’ मधील ‘स’ निसटला की ‘आठ’ उरतो. त्यामुळेच वृद्ध व्यक्ती म्हणते, “तू बोलतोस ते ऐकू येते, पण कळत नाही.” हे वाक्य शब्दशः खरे असते.

आता ‘पान’, ‘तान’ आणि ‘कान’ हे शब्द पाहा. त्यांतील आद्य व्यंजनांचा भेद उच्चारस्थानाचा आहे. स्थानाचा हा भेद क्षीण कानाला चटकन कळत नाही. डोळ्याला मात्र ‘पान’ म्हणताना मिटलेले ओठ स्पष्ट दिसतात. याउलट ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे शब्द घ्या. तिन्ही ओष्ठ्य असल्याने ओठांकडे पाहून त्यांतला फरक ओळखता येत नाही. परंतु घोषत्व आणि अनुनासिकत्व यांच्या खुणा खालच्या पट्टीत असतात. त्या क्षीण कानालाही तुलनेने चांगल्या कळतात. म्हणजे कानाला जे निसटते ते बऱ्याच अंशी डोळा टिपतो आणि डोळ्याला जे दिसत नाही ते कान पुरवतो.

करोनाच्या साथीत मुखपट्टीने ओठ झाकले गेले, तेव्हा आपण किती ओठांवरून ‘ऐकत’ होतो, हे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले. जिचे कान आणि डोळे दोन्ही क्षीण झाले आहेत, तिच्यासाठी ही मुखपट्टी कायमचीच असते. म्हणूनच दुहेरी दौर्बल्याचा परिणाम दोन उणिवांच्या बेरजेहून मोठा असतो. प्रत्येक उणीव दुसरीचा आधार काढून घेते.

४.३.४ ‘साठी बुद्धी नाठी’ : एक गैरसमज

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सर्रास वापरली जाते. प्रश्नाला भलतेच उत्तर मिळाले, ओळखीच्या माणसाला ओळख दाखवली नाही, हसण्याच्या प्रसंगी चेहरा कोराच राहिला, की आपण बुद्धीला दोष देतो. प्रत्यक्षात प्रश्नच चुकीचा ऐकू आलेला असतो, चेहरा दिसलेला नसतो आणि विनोद पोहोचलेला नसतो. पुढे घरातील माणसे ‘काही नाही, तुम्हाला नंतर सांगतो’ असे म्हणू लागतात. ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. वृद्ध व्यक्तीही पुन्हा पुन्हा विचारण्याच्या संकोचाने मान डोलावते आणि हळूहळू गप्प होते.

या गैरसमजाचे परिणाम गंभीर असतात. स्मरणशक्तीच्या चाचण्या ऐकण्यावर आणि पाहण्यावर अवलंबून असतात. त्यामुळे इंद्रियांची उणीव बुद्धीच्या नावे नोंदली जाण्याचा धोका संभवतो. दुसऱ्या बाजूने, स्मृतिभ्रंशाविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे जे १४ जोखीम-घटक सांगितले, त्यांत श्रवणदौर्बल्य आणि उपचार न केलेले दृष्टिदौर्बल्य हे दोन्ही आहेत. म्हणजे ज्याला आपण बुद्धीचा ऱ्हास समजून सोडून देतो, तिथेच उपचार करण्याची गरज असू शकते.

४.३.५ संवादाची पथ्ये

ओरडून बोलणे हा उपाय नव्हे. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होत नाहीत. ओठांचा आकारही बिघडतो. त्याऐवजी पुढील पथ्ये पाळावीत.

१. बोलण्यापूर्वी हाताला किंवा खांद्याला हलका स्पर्श करून आपले नाव सांगावे.
२. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे. खिडकीकडे पाठ केल्यास चेहरा काळोखात जातो.
३. दूरचित्रवाणी, पंखा, मिक्सर यांचा आवाज शक्यतो थांबवावा.
४. वाक्य न कळल्यास तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलावेत. ‘साठ’ ऐवजी ‘तीन वेळा वीस’ म्हणता येईल.
५. औषधाची मात्रा, वेळ आणि पैशाचा आकडा वृद्ध व्यक्तीकडून पुन्हा वदवून घ्यावा.
६. जाड, काळ्या, मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावे. तेही दिसत नसेल तर तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढावे. लेखन-वाचन न शिकलेल्यांसाठी पाणी, जेवण, बाहेर जाणे यांच्या स्पर्शखुणा घरात ठरवाव्यात.

स्पर्शाची भाषा नवी नाही. ऐकू येणे आणि पुढे दिसणेही बंद झालेल्या हिरोनिमस लोर्म (१८२१–१९०२) या लेखकाने एकोणिसाव्या शतकात हातावरील स्पर्शबिंदूंची जर्मन वर्णमाला तयार केली. ती आजही वापरात आहे.

साधनांचाही उपयोग होतो. महाराष्ट्रात २०२४ पासून ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’द्वारे ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी ३,००० रुपयांचे साहाय्य मिळते. परंतु श्रवणयंत्रातील बारीक सेल बदलण्यासाठी नजर लागते आणि चष्म्याची काडी व कानामागचे यंत्र एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून साधन देताना दोन्ही इंद्रियांचा एकत्रित विचार व्हावा आणि ते वापरण्यास घरातील कोणीतरी मदत करावी.

४.४ सारांश

वार्धक्यातील दुहेरी इंद्रियदौर्बल्य भाषा हिरावून घेत नाही. भाषेची वाट अडवते. कान आणि डोळा एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही क्षीण झाल्यावर हा आधार तुटतो आणि त्याचा ठपका बुद्धीवर ठेवला जातो. तपासणी, योग्य साधन, उजेड, स्पर्श आणि शब्दांची विचारपूर्वक निवड यांनी ही वाट मोकळी करता येते. त्यासाठी लागणारा बराचसा बदल बोलणाऱ्याने करावयाचा आहे.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. दुहेरी इंद्रियदौर्बल्याचा परिणाम ‘दोन उणिवांच्या बेरजेहून मोठा’ का असतो, ते स्पष्ट करा.
२. केवळ आद्य व्यंजनात भेद असणाऱ्या मराठी शब्दांच्या पाच जोड्या द्या. प्रत्येक जोडीतील भेद ओठांवरून ओळखता येईल की नाही, ते सकारण सांगा.
३. क्षेत्रीय कार्य : परिचयातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीशी तिच्या संमतीने वरील पथ्ये पाळून अर्धा तास संवाद साधा. कोणते शब्द निसटले आणि ते कोणत्या उपायाने पोहोचले, याची नोंद करा.