फटके मोजायचे, पण कशाच्या तुलनेत?

अठरा होल खेळून आलेल्या दोन हौशी गोल्फरांची स्कोअरकार्डं शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्याने ग्रीनवर ३६ पट मारलेत, दुसऱ्याने ३०. क्लबहाउसमध्ये चहा येण्याआधीच निकाल लागतो: दुसऱ्याचं पटिंग सरस. प्रत्यक्षात नेमकं उलटंही असू शकतं. पहिल्याचा चेंडू बहुतेकदा लांबून थेट ग्रीनवर उतरला, पण होलपासून तीस-चाळीस फुटांवर थांबला. दुसऱ्याचं ग्रीन वारंवार हुकलं. मग कडेवरून चिप मारून त्याने चेंडू होलजवळ आणला आणि त्याच्या वाट्याला चार-पाच फुटांचे सोपे पट आले. त्याचे पट कमी दिसतात ते आधीचे फटके चुकल्यामुळे.

हिरव्या खेळपट्टीवरच्या चाळीस धावा आणि पाटा खेळपट्टीवरच्या चाळीस धावा एकाच मापाने मोजायच्या नसतात, हे क्रिकेट पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. गोल्फमध्ये मात्र खेळपट्टी प्रत्येक फटक्याला बदलते. त्यामुळे नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. त्या जागेवरून किती फटके अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती लागले, यातला फरक बोलका असतो.

हँडिकॅपची पद्धत हेच तत्त्व संपूर्ण फेरीला लावते. ‘यूएसजीए’ आणि ‘आर अँड ए’ या गोल्फच्या नियामक संस्थांनी २०२० मध्ये जगभरच्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून एकच हँडिकॅप पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक कोर्सला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून अपेक्षित असलेला स्कोअर. तोच कोर्स साधारण खेळाडूला त्याच्या तुलनेत किती जास्त जड जातो, हे स्लोप रेटिंग सांगतं. स्लोप ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असतो. प्रमाण मानलेला आकडा ११३.

समजा, कोर्स रेटिंग ७१.२, स्लोप १२८ आणि तुमचा स्कोअर ९२. फरक २०.८ फटक्यांचा. त्याला ११३ ने गुणून १२८ ने भागलं की १८.४ येतात. ही त्या फेरीची खरी किंमत. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात चेंडू ओल्या फेअरवेवर पडतो तिथेच थांबतो आणि कोर्स जणू लांबतो. अशा दिवशी सगळ्यांचेच स्कोअर अपेक्षेपेक्षा बरेच वाईट आले, तर पद्धत ते ओळखून हिशेबात दुरुस्तीही करते.

शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप इंडेक्स. बाकीच्या १२ फेऱ्या त्यात धरल्याच जात नाहीत. म्हणून हँडिकॅप ही तुमची सरासरी नसून तुमची कुवत आहे. हँडिकॅपइतका किंवा त्याहून चांगला खेळ साधारण पाच फेऱ्यांत एकदाच होतो. उरलेल्या चार फेऱ्यांनंतर ‘आज काही जमलं नाही’ म्हणणारा खेळाडू बहुधा त्याच्या नेहमीच्या पातळीवरच खेळलेला असतो.

पण फटके नेमके कुठे वाया जातात, हे हँडिकॅप सांगत नाही. त्यासाठी अपेक्षेचं तत्त्व एकेका फटक्यापर्यंत न्यावं लागतं. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ते काम केलं. व्यावसायिक ‘पीजीए टूर’वर ‘शॉटलिंक’ यंत्रणा तेव्हा लेझरच्या साहाय्याने चेंडूची जागा टिपत असे. त्या नोंदींवरून कोणत्या अंतरावरून सरासरी किती फटके लागतात, हे काढता आलं. व्यावसायिकांना ८ फुटांवरून सरासरी दीड पट लागतो, साधारण ३३ फुटांवरून दोन. म्हणजे ३३ फुटांवरून दोन पट मारणाऱ्याने काहीच गमावलं नाही. ८ फुटांवरून दोन मारणाऱ्याने अर्धा फटका गमावला. या मोजणीचं नाव ‘स्ट्रोक्स गेन्ड’. टूरने २०११ मध्ये ती पटिंगसाठी अधिकृतपणे स्वीकारली.

या हिशेबाने एक जुनी समजूत डळमळली. ड्राइव्ह दिखाव्यासाठी, कमाई पटिंगची, असं गोल्फर पिढ्यान् पिढ्या मानत आले. ब्रॉडींच्या विश्लेषणात अव्वल व्यावसायिकांच्या आघाडीत पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच निघाला. ग्रीनच्या दिशेने मारलेल्या अप्रोच फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के होता. हौशी खेळाडूंचं चित्रही फार वेगळं नाही. नव्वदच्या घरात खेळणारा आणि ऐंशीच्या घरात खेळणारा यांच्यातल्या फरकाचा जवळपास दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांहून लांबच्या फटक्यांतून येतो.

मग नोंद काय ठेवायची? प्रत्येक फटक्याआधी चेंडू कुठे होता (टी, फेअरवे, रफ, बंकर की ग्रीन), होल किती दूर होतं आणि दंडाचे फटके किती पडले, एवढं पुरे. क्लबच्या मुठीत बसणारे सेन्सर हे काम आपोआप करतात; वही-पेन्सिलीनेही ते होतं. मात्र तुलना व्यावसायिकांशी केली, तर सगळीकडे उणेच दिसेल. आपल्याहून पाच-सहा हँडिकॅपने सरस खेळाडू कुठे पुढे आहेत, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

घाईच्या निष्कर्षापासून मात्र जपायला हवं. समजा, पाच फुटांचे पट घालण्याचं तुमचं खरं प्रमाण ६० टक्के आहे. तरीही दहा प्रयत्नांत चार किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता सहातून एक आहे, तीही तुमच्या खेळात काही बिघडलेलं नसताना. अनेक जण तेवढ्यावर नवा पटर विकत घेतात. अंदाजातली त्रुटी निम्मी करायची, तर नोंदी चौपट लागतात. म्हणून एका फेरीवरून काही ठरवू नये. वीसेक फेऱ्यांनंतर कल दिसू लागतो.

आकडेवारीने शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: सरावाचा पुढचा तास कुठे घालवायचा? पटिंग ग्रीनवर, की दीडशे यार्डांच्या आयर्नसह रेंजवर? सहा महिने नोंदी ठेवूनही या उत्तरात काहीच फरक पडला नाही, तर एक तर तुमचा सराव आधीपासूनच योग्य दिशेने चालू आहे, नाहीतर तुम्ही भलतंच मोजत आहात.