पंपावरचा आकडा आणि मालकाची गाडी

आपले कितीतरी बांधव मालकांच्या महागड्या गाड्या चालवतात. इंजिन बिघडले की पहिला जाब ड्रायव्हरलाच द्यावा लागतो. म्हणून ऑक्टेनविषयी आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब व उष्णता सोसूनही आपोआप न पेटण्याचा तो गुण आहे. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात दाब मोठा असतो. तिथे कमी ऑक्टेनचे पेट्रोल अवेळी भडकते व टणटण आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालूच राहिले तर पिस्टन निकामी होतो. नव्या गाड्यांतला सेन्सर ठिणगी उशिरा पाडून इंजिन सांभाळतो खरा, पण गाडीचा जोर उतरतो.

साधे पेट्रोल पूर्वी 91 ऑक्टेनचे होते. 20 टक्के इथेनॉलमुळे ते 95 झाले, असे सरकारने 2025 साली सांगितले. टाकीच्या झाकणाआड किंवा गाडीच्या पुस्तकात 98 लिहिले असेल, तर मात्र 100 चेच भरावे. साध्या मारुतीत ते ओतणे म्हणजे पैसे वाया!

मालक ‘साधेच भर’ म्हणाले, तर त्यांना तो आकडा दाखवावा आणि पंपाची पावती जपून ठेवावी.