हे कोण गातंय?

१९०२ सालच्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला, तेव्हा त्याला इथल्या गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता ती ‘माय नेम इज गौहर जान’ असं ठणकावून सांगते. हा निव्वळ नखरा नव्हता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही सोय होती. पण या सोयीमुळे एक नवीनच गोष्ट घडली. गायिकेला कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरात तिचं नाव तिच्याच तोंडून पोचलं.

त्याआधी नवा गवई ऐकायचा म्हणजे कुणाचा तरी वशिला लागे. संस्थानिकाचा दरबार, सावकाराचा दिवाणखाना, नाहीतर कोठी. सामान्य मराठी माणसाला परवडणारं दार एकच, संगीत नाटकाचं. कंपनीचा मुक्काम गावात पडला की नवा नट आणि नवी पदं कानावर येत. पुढे गणेशोत्सवातले मेळे आले. फुकट आणि रस्त्यावर. गजाननराव वाटव्यांच्या भावगीतांना गर्दी लोटायची ती अशाच उत्सवांत.

तबकडी घरोघरी नव्हती, हे आपण विसरतो. ती वाजायची दुकानात, हॉटेलात, आणि ऐकणारे बाहेर उभे. गदगच्या एका पोराने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशीच तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. भीमसेन जोशींची ही हकिकत इतकी सांगितली गेली आहे की तिच्यातलं नवल उरलेलं नाही. मला मात्र त्यात वेगळंच काही दिसतं. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आणि ती लावणारा दुकानदार, एवढ्या भांडवलावर एका मुलाचं आयुष्य फिरलं. त्या दुकानदाराचं नाव इतिहासात नाही. नवा आवाज आपण शोधला असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा तो कोणीतरी आपल्यापुढे ठेवलेला असतो.

तबकडीच्या धंद्यात असा ठेवणारा माणूस म्हणजे जी. एन. जोशी. शिक्षणाने वकील, गळ्याने भावगीतगायक. १९३८च्या सुमारास ते एचएमव्हीत गेले आणि गाणारी माणसं हेरून त्यांना स्टुडिओत आणणं हेच त्यांचं काम झालं. रुसलेल्या उस्तादाची समजूत काढणं हाही त्यातलाच भाग. मोठ्या बैठकीचा मामला काही मिनिटांत बसवायचा म्हणजे कोणता राग, कुठली चीज, किती आलाप, यावर खल आलाच. श्रोत्याला यातलं काही दिसत नसे. त्याच्या हाती येई ती तबकडी, तिच्यावरचं कुत्र्याचं चित्र आणि नाव.

मग रेडिओ. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कैवारी. कलावंतांच्या चाचण्या, श्रेण्या, सगळी शिस्त त्यांनी लावली आणि सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दाराबाहेर काढलं. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ला, सरकारला विविध भारती काढावी लागली. लोकांना काय ऐकू द्यावं हे वरून ठरवायला गेलं की लोक शेजारच्या देशात जातात, असा हा किस्सा. तरी केसकरांच्या काळातल्या आकाशवाणीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. १ एप्रिल १९५५पासून पुणे केंद्रावर आठवड्याला एक नवं गीत येऊ लागलं, आणि गीतरामायणाची छप्पन्न गाणी महाराष्ट्राने अशी वाट बघत ऐकली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी गळे त्यात होते. पुढे ‘आपली आवड’मध्ये निवेदिका गाण्याआधी गायक, कवी, संगीतकार अशी तिन्ही नावं सांगे. शाळेत न जाता झालेलं हे पाठांतर. आजही साठीपलीकडच्या माणसाला गाण्याचे दोन शब्द सांगा, तो संगीतकार सांगतो.

आकाशवाणीच्या या दाराची उंची मात्र ठरलेली होती. चाचणीत न बसणारा गळा आत येत नसे, आणि न बसणं हे नेहमी सुरांमुळेच होई असं नाही. ते दार मोडलं कॅसेटने. ऐंशीच्या दशकात कॅसेट काढणं इतकं स्वस्त झालं की एखाद्या छोट्या कंपनीलाही नवा गायक परवडू लागला. प्रल्हाद शिंदे आधीपासून गात होतेच. आता त्यांचा आवाज पंढरपूरच्या वाटेवरच्या टपरीतून आणि एसटी स्टँडवरून येऊ लागला. आनंद शिंदे तर कॅसेटनेच घराघरांत नेले, म्हणजे ज्या घरांनी नाकं मुरडली त्यांतही. सहा डिसेंबरला दादरला, विजयादशमीला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटींचे गाळे लागत. विक्रेता एक लावून बघायचा, माणसं थांबली तर पुढे, नाहीतर दुसरी. नव्या गायकाचा याहून रोखठोक कस कुठे लागला असेल असं मला वाटत नाही. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्येही घेण्याआधी ऐकून बघता यायचं, बंद खोक्यात, एकट्याने. ते दुकान २०१६ला बंद झालं आणि त्यावर भरपूर लेख आले. दीक्षाभूमीवरच्या गाळ्यांवर एवढं कोणी लिहिलं नाही.

टीव्हीबद्दल थोडक्यात. ‘लिटिल चॅम्प्स’ने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर ही मुलं घरची केली, पण ती बहुतेक ओळखीचीच गाणी गायली. नवा गळा मिळाला, नवं गाणं नाही.

मोबाइलचं तसं नाही. तिथे दोन्हींचा पूर आहे. २०१५मध्ये स्पॉटिफायने दर सोमवारी तीस गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली. भारतात ती कंपनी आली २०१९ला. यादीमागची युक्ती साधी आहे. तुमच्यासारखी गाणी ज्यांनी जमवली, त्यांच्याकडे आहेत पण तुमच्याकडे नाहीत ती तुम्हाला द्यायची. म्हणजे पूर्वीचा जाणकार मित्रच, फक्त लाखो तोंडांचा. त्याची अडचण अशी, की जे गाणं अजून कोणीच जमवलेलं नाही त्याची शिफारस तो करणार कशी? कोकणातल्या जाखडीचा नवा शाहीर किंवा खानदेशातली अहिराणी गाणारी पोरगी त्याच्या हिशेबात येते ती कोणीतरी आधी हाताने पुढे ढकलल्यावरच. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात लोकांपर्यंत पोचल्या त्या मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंतून, एकाने दुसऱ्याला पाठवत. २०२४मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ रीलवर नाचणाऱ्यांनी देशभर नेलं. त्यातल्या कित्येकांना मराठी येत नव्हतं आणि गायकाचं नावही ठाऊक नव्हतं. रीलमध्ये दिसते ती नाचणारी. गाण्याचं नाव तळाशी बारीक अक्षरात सरकत असतं. कवीचं तर तेवढंही नाही.

मला यात हळहळण्यापेक्षा करण्यासारखं काही दिसतं. तीन नावं सांगणारी निवेदिका आता येणार नाही, तेव्हा ते काम आपल्याकडे आलं आहे. गाणं पुढे पाठवताना नुसता दुवा न चिकटवता कोणी लिहिलं, चाल कोणाची, कोण गातंय, एवढं खाली टाइप करायला अर्धं मिनिट लागतं. आणि पुण्यात १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांनी रात्रीच्या बड्या नावांची वाट न बघता दुपारीच जागा धरावी. पहिल्या सत्रात बसवलेला गायक बहुधा तुम्ही ऐकलेला नसतो, आणि तेव्हा बटाटेवड्याच्या स्टॉललाही रांग नसते.